रात्रीचा बॅकअप झाला का, हे सकाळी मोजून बघा

शेअरपॉईंटचा, म्हणजे कंपनीच्या फायली आणि नोंदी ठेवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साईटचा, बॅकअप ऑटोमेट करायचा म्हटलं की नेटवर शोधल्या शोधल्या स्क्रिप्ट मिळते. बॅकअप-एसपीसाईट नावाची एक कमांड, तिच्यापुढे साईटचा पत्ता, त्यापुढे फाईलचं नाव, हे सगळं टास्क शेड्युलरला, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीला, लावायचं, रात्री दोनची वेळ द्यायची आणि झालं. आणि खरंच तेवढ्यात होतं, यात काही खोटं नाही. मी पुण्यात भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो, आणि बऱ्याच ठिकाणी मी जायच्या आधीपासून असं काहीतरी लागलेलं असतं, कोणीतरी लावलेलं असतं आणि ते लावणारा आता दुसऱ्या कंपनीत असतो. मला आज त्या स्क्रिप्टच्या नंतरच्या कामाबद्दल लिहायचंय, म्हणजे मोजणीबद्दल. काल रात्री किती साईटचा बॅकअप व्हायला पाहिजे होता, आणि आज सकाळी फोल्डरमध्ये किती फायली आहेत, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. ऐकायला अगदी साधं वाटतं पण मी बघितलेल्या बहुतेक सेटअपमध्ये नेमकं हेच नसतं.

आधी हे सांगतो की या साईटवर असतं काय, कारण बाहेरच्याला वाटतं की ऑफिसच्या साईटवर असून असून काय असणार, सुट्ट्यांची यादी आणि वाढदिवसाचे फोटो. आपल्याकडे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्या किती आहेत ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. अशा कंपनीत शेअरपॉईंटवर कंट्रोल प्लॅन असतात, म्हणजे उत्पादनात काय काय तपासायचं ते, एफएमईए असतात, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं त्याचे तक्ते, पीपॅपच्या म्हणजे पार्टच्या मंजुरीच्या फायली असतात, मापं घ्यायच्या गेजचे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असतात, मशीनवर लावायच्या वर्क इन्स्ट्रक्शन असतात. गाड्यांच्या पार्टच्या क्वालिटीसाठी आयएटीएफ १६९४९ म्हणून जे स्टँडर्ड आहे त्यात स्पष्ट लिहिलंय की पार्टच्या मंजुरीचे कागद, टूलिंगचे रेकॉर्ड, डिझाईनचे रेकॉर्ड हे तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये आहे तोपर्यंत, आणि त्यावर आणखी एक कॅलेंडर वर्ष, जपून ठेवायचे. म्हणजे एखाद्या गाडीचा पार्ट दहा-पंधरा वर्षं चालला तर तेवढी वर्षं तो कागद काढून दाखवता आला पाहिजे. आणि शेअरपॉईंट आपल्या सर्व्हरवर असेल तर त्याचा रिसायकल बिन मुळातल्या सेटिंगप्रमाणे ३० दिवसांत रिकामा होतो. पंधरा वर्षं आणि तीस दिवस यांच्यामध्ये जे काय उभं आहे ते म्हणजे तुमचा बॅकअप.

एका कंपनीतली गोष्ट आहे, नाव नको. दसरा होऊन गेला होता, क्वालिटीच्या मॅडमचा फोन आला, "सर, कंट्रोल प्लॅनचं आख्खं फोल्डरच दिसत नाहीये, आणि कस्टमरचं ऑडिट पुढच्या आठवड्यात आहे." मी विचारलं शेवटचं कधी बघितलं होतं मॅडम, तर म्हणाल्या गणपतीच्या आधी असेल. म्हणजे रिसायकल बिनचा विषयच संपला. पण तिथे रोज रात्री स्क्रिप्ट चालत होती, टास्क शेड्युलरमध्ये रोज रात्रीचा निकाल ०एक्स०, म्हणजे काम व्यवस्थित पूर्ण झालं, आणि बॅकअपच्या फोल्डरमध्ये रोजच्या तारखेचा एकेक फोल्डर ओळीने लावल्यासारखा. उघडून बघितलं तर प्रत्येक तारखेत बरोबर वीस फायली. आणि क्वालिटीची साईट त्या विसात नाही.

आता ही वीसची भानगड काय ते नीट सांगतो, कारण हे आजही कुठल्यातरी सर्व्हरवर चालू असणार. सगळ्या साईटची यादी काढायला गेट-एसपीसाईट ही कमांड वापरतात आणि ती यादी एकेक करून बॅकअपच्या कमांडला देतात. पण या कमांडला तुम्ही लिमिट दिली नाही तर ती पहिल्या वीस साईट देते आणि थांबते. एक पिवळ्या अक्षरातली सूचना येते की अजून रिझल्ट आहेत, सगळे पाहिजे असतील तर लिमिट ऑल लिहा. ती सूचना समोर बसलेल्या माणसाला दिसते. रात्री दोन वाजता शेड्युलरने चालवलेल्या स्क्रिप्टसमोर कोण बसलंय? आणि ही सूचना आहे, एरर नाही, त्यामुळे स्क्रिप्ट शेवटपर्यंत जाते आणि निकाल यशस्वी म्हणूनच नोंदला जातो. ज्या दिवशी ही स्क्रिप्ट लागली त्या दिवशी कंपनीत दहा-बारा साईट असतील, तेव्हा ती शंभर टक्के बरोबर होती, कोणाला दोष द्यायचं कारण नाही. मग कंपनी वाढली, चाकणला दुसरं युनिट झालं, डिपार्टमेंटनी आपापल्या साईट मागितल्या, आणि एकविसावी साईट ज्या दिवशी तयार झाली त्या दिवसापासून बॅकअप अपुरा पडायला लागला, पण तसं सांगणारं कोणी नव्हतं. (क्लाऊडवालेही ऐका, तिकडच्या गेट-एसपीओसाईटची अशीच न सांगितलेली मर्यादा २०० आहे.)

मॅडमचं फोल्डर मिळालं, तेही सांगतो कारण तो रस्ता माहीत असलेला बरा. त्या कंपनीत ईआरपी, म्हणजे हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर, सांभाळणारे एक दादा आहेत, त्यांचा एसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचा मेंटेनन्स प्लॅन सगळ्याच डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा, शेअरपॉईंटचा कंटेंट डेटाबेस, ज्यात साईटवरचं सगळं असतं, तो पण त्यातच आला, आणि हे दादा दर महिनाअखेरची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर बाजूला ठेवायचे, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांची त्यांची सवय. ऑगस्टअखेरची कॉपी होती. ती एसक्यूएलवर वेगळ्या नावाने रिस्टोर केली, मग शेअरपॉईंटच्या सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये अनअटॅच्ड कंटेंट डेटाबेसमधून डेटा काढायची सोय असते, २०१० च्या व्हर्जनपासून आहे, म्हणजे डेटाबेस फार्मला, म्हणजे चालू शेअरपॉईंटच्या सर्व्हरना, न जोडता त्यातलं आत बघता येतं आणि एखादीच लायब्ररी एक्सपोर्ट करता येते. ती एक्सपोर्ट केली आणि इम्पोर्ट-एसपीवेबने परत साईटवर आणली. इथे एक काळजी घ्या, एक्सपोर्ट पॉवरशेलमधून, म्हणजे कमांड लिहून, करत असाल तर व्हर्जनचा पर्याय स्वतः द्या, कारण तिथे काही दिलं नाही तर फक्त शेवटचं मेजर व्हर्जन येतं, आणि ऑडिटरला तर रिव्हिजन हिस्टरीच बघायची असते की हा बदल कधी केला, कोणी मंजूर केला. मॅडमनी सगळी रिव्हिजन एकेक करून उघडून तपासली, मग कुठे चहा घेतला.

तर मोजणी. मी आता सगळीकडे जी पद्धत लावतो ती अशी. बॅकअपची स्क्रिप्ट वेगळी आणि मोजणीची स्क्रिप्ट वेगळी, आणि मोजणीची स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर. ती सकाळी सातला उठते, शेअरपॉईंटला विचारते एकूण साईट किती (लिमिट ऑल लावून), बॅकअपच्या फोल्डरमध्ये आजच्या तारखेच्या फायली किती ते मोजते, कुठल्या साईटची फाईल नाही त्या साईटचं नाव काढते, आणि प्रत्येक फाईलचा साईज कालच्या साईजशी लावून बघते. साईज एकदम कमी झाला असेल तर ते नाव पण काढते, कारण कंपनीची साईट हळूहळू वाढत असते, एका रात्रीत अर्धी होत नाही, झाली तर एकतर बॅकअप अर्धवट आहे नाहीतर कोणीतरी साईटवरून काहीतरी मोठं उडवलंय, आणि दोन्ही गोष्टी मला त्याच सकाळी कळायला पाहिजेत, महिन्याने नाही. या दुसऱ्या कारणासाठी तर मला ही साईजची ओळ फार आवडते, बॅकअप तपासायला लावली आणि डिलीट झालेलं पकडायला पण उपयोगी पडते.

मग मेल. मेल रोज आला पाहिजे, सगळं ठीक असलं तरी. बरेच जण फक्त बिघडलं तर मेल पाठव असं लावतात आणि मला ते मुळीच पटत नाही. २०१७ मध्ये ३१ जानेवारीला गिटलॅब या, लोकांचे प्रोग्रामचे कोड सांभाळणाऱ्या कंपनीत मोठा प्रकार झाला होता, एका इंजिनिअरकडून चुकून चालू सर्व्हरवरचाच डेटा डिलीट झाला, आणि मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप रिकामा, कारण बॅकअप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ व्हर्जनचा होता आणि चालू डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो रोज एरर देऊन थांबत होता. एररचे मेल जात होते, पण ते मेल समोरचा सर्व्हर डीमार्कच्या, म्हणजे मेल खरा आहे का त्या तपासणीच्या, कारणाने नाकारत होता. म्हणजे बिघडलं तर मेल येईल अशी सोय होती, मेल येत नव्हता, म्हणून सगळे समजून चालले होते की ठीक आहे. शेवटी सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट मिळाला म्हणून वाचले, मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. त्या कंपनीने हे सगळं लपवलं नाही, सविस्तर लिहून जगासमोर ठेवलं, त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे, कारण त्यामुळे आपल्यासारख्यांना शिकता आलं. रोज येणारा मेल एखाद्या दिवशी आला नाही तर लगेच लक्षात येतं. आणि मेल छोटा ठेवा, पहिल्याच ओळीत साईट ४३ फायली ४३ असं दिसलं पाहिजे, मोबाईलवर मेल न उघडता वाचता आलं पाहिजे. पानभर लॉग पाठवला तर तो कोणी वाचत नाही.

टास्क शेड्युलरबद्दल थोडं, कारण पुण्यात त्याची एक खास अडचण आहे. आपल्याकडे गुरुवारी लाईट जाते, महावितरणचं मेंटेनन्स असतं, हे सगळ्यांना पाठ आहे. जनरेटर नसलेल्या छोट्या ऑफिसात सर्व्हर यूपीएसवर जातो, आणि यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडलेला असेल तर विंडोज त्याला बॅटरी समजतं, लॅपटॉपसारखं. आणि टास्क शेड्युलरमध्ये कुठलाही नवीन टास्क बनवला की कंडिशन्सच्या टॅबमध्ये दोन टिक आधीपासूनच असतात, एक म्हणजे एसी पॉवरवर असेल तरच चालव, आणि दुसरी म्हणजे बॅटरीवर गेला तर थांबव. म्हणजे लाईट गेली, यूपीएसने सर्व्हर व्यवस्थित सांभाळला, आणि टास्क मात्र विंडोजने स्वतःहून थांबवला. एखाद्या ऑफिसमध्ये फक्त गुरुवारचेच बॅकअप गायब दिसत असतील तर आधी तिथे बघा. त्या दोन्ही टिक काढा, आणि सेटिंग्जच्या टॅबमध्ये वेळ हुकली तर नंतर लगेच चालव अशी एक टिक असते, ती आधीपासून नसते, ती करा. तिसरी गोष्ट पासवर्डची. टास्क कुठल्यातरी माणसाच्या लॉगिनवर लावलेला असतो, त्याचा पासवर्ड बदलला किंवा तो माणूस सोडून गेला आणि एचआरने अकाऊंट बंद केलं की त्या रात्रीपासून टास्क बंद. बॅकअपसाठी वेगळं अकाऊंट करा, आणि त्याला शेअरपॉईंटच्या शेल ॲडमिनचा हक्क रीतसर द्या, सगळ्या नेटवर्कचे हक्क देणारं डोमेन ॲडमिन करून मोकळे होऊ नका.

जुन्या २००७ च्या जमान्यातल्या बॅच फायली अजून काही ठिकाणी आहेत, शेअरपॉईंटच्या जुन्या एसटीएसॲडम कमांडवाल्या, त्यात फाईलच्या नावात तारीख घालायला बॅचची डेट वापरलेली असते. सर्व्हरची भाषा-प्रांताची सेटिंग भारताची असेल तर त्यात डॅश येतात आणि अमेरिकेची असेल तर तिरक्या रेघा, आणि तिरकी रेघ फाईलच्या नावात चालत नाही. नवीन सर्व्हरवर तीच बॅच फाईल उचलून टाकली आणि बॅकअप बंद पडला असं होतं ते यामुळे. पॉवरशेलमधून वर्ष-महिना-दिवस असा क्रम स्वतः लिहून द्या, विषय संपला.

रात्री दोनच्या वेळेबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. सगळीकडे लिहिलेलं असतं की बॅकअप रात्री घ्या कारण तेव्हा कोणी काम करत नाही. हे लिहिणाऱ्याने चाकणमधली तिसरी पाळी बघितलेली नाही. रात्री दोन वाजता लाईनवर पोरं उभी असतात, शिफ्टचा रिपोर्ट भरत असतात, रिजेक्शनची नोंद टाकत असतात, आणि ती नोंद शेअरपॉईंटच्या लिस्टमध्येच जाते. बॅकअप-एसपीसाईट चालू झाली की ती साईट तेवढ्या वेळापुरती रीड-ओन्ली होते, वाचता येतं पण भरता येत नाही. पोराने माहिती टाकली, सेव्ह केलं, एरर आला, परत टाकली, परत एरर, मग त्याने कागदावर लिहून ठेवलं आणि पहिल्या पाळीला सांगितलं, ती नोंद चढली तर चढली. ऑफिसातल्या माणसाला हे कधी कळतच नाही कारण तो नऊला येतो तेव्हा साईट मस्त चालू असते. त्याहून वाईट म्हणजे बॅकअप मधेच तुटला तर ती साईट कुलूप लावल्यासारखी रीड-ओन्लीच राहू शकते, सकाळी सगळे ओरडतात की सेव्ह होत नाही.

काही जण यावर नो-साईट-लॉक असा पर्याय देतात, तो मी देत नाही, कारण मग बॅकअप चालू असताना लिहिलं गेलं तर फाईल आतून विस्कटलेली निघू शकते. चांगला पर्याय म्हणजे एसक्यूएल स्नॅपशॉट वापरायचा, यूज-एसक्यूएल-स्नॅपशॉट लिहिलं की आधी डेटाबेसचं त्या क्षणाचं चित्र घेतलं जातं आणि बॅकअप त्यातून होतो, साईट चालूच राहते. पूर्वी यासाठी एसक्यूएलची एंटरप्राईझ एडिशन लागायची, २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून स्टँडर्डमध्ये पण स्नॅपशॉट आला. हे जमत नसेल तर किमान शॉपफ्लोअरच्या साईट वेगळ्या काढा आणि त्यांची वेळ सुपरवायझरला विचारून ठरवा. मी विचारतो. एका ठिकाणी सुपरवायझर काका म्हणाले की साहेब जेवणाच्या सुट्टीत घ्या, रात्रीची पण जेवणाची सुट्टी असते. तीच वेळ लावली, आणि साईट छोटी असल्यामुळे तेवढ्यात आरामात होतो. साईट मोठी असेल, मायक्रोसॉफ्टच फार मोठ्या साईटचा बॅकअप असा घेऊ नका म्हणतं, तर सरळ डेटाबेसच्या बॅकअपवर जा, फुल, डिफरन्शियल म्हणजे फुलनंतरचे बदल, आणि दर थोड्या वेळाने ट्रान्झॅक्शन लॉग म्हणजे बदलांची नोंदवही.

आता कॉपी ठेवायची कुठे. बॅकअप त्याच सर्व्हरच्या डी ड्राईव्हवर ठेवणारे लोक अजून भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, दुसरी डिस्क आणून देतो. पण दुसऱ्या डिस्कवर नेताना रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची कमांड वापरतात आणि त्यात मिररचा पर्याय लावतात, तो जपून. मिरर म्हणजे इकडे जे आहे ते तिकडे, आणि इकडे जे नाही ते तिकडूनही काढ. इकडचं फोल्डर रिकामं झालं, मग ते डिस्क बदलल्यामुळे असो नाहीतर व्हायरसमुळे, रात्री रोबोकॉपी इमानदारीने तिकडचंही रिकामं करणार. आणि रोबोकॉपीचा निकाल वाचायची पण एक पद्धत आहे, तिथे १ आला म्हणजे फायली कॉपी झाल्या, ८ किंवा त्यापुढचा आकडा आला तरच खरी गडबड. हे माहीत नसलं की माणूस १ बघून घाबरतो, मग कंटाळून ते तपासणंच बंद करतो.

इमारत एकच असेल तर किती डिस्क ठेवल्या याला अर्थ नाही. पुण्याला हे कोणी शिकवायला नको. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि ते जुनं झालं म्हणाल तर २०२४ च्या २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय. छोट्या ऑफिसांचे सर्व्हर तळमजल्यावर जिन्याखाली असतात. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचचं डेटा सेंटर १० मार्च २०२१ ला जळालं तेव्हा कित्येकांचा मूळ डेटा आणि बॅकअप एकाच ठिकाणी होता, दोन्ही गेलं.

मग लोक म्हणतात आम्ही क्लाऊडवर टाकतो. टाका, चांगलंच आहे, पण रिजन, म्हणजे डेटा सेंटरचा भाग, कुठला निवडलाय ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाऊडमध्ये सेंट्रल इंडिया नावाचा रिजन आहे, भारतातला माणूस तोच निवडतो, आणि सेंट्रल इंडिया म्हणजे पुणे. भोसरीतल्या सर्व्हरची बाहेरगावची कॉपी म्हणून जी ठेवली ती पुण्यातच! त्यात रिडंडन्सी लोकल ठेवली असेल, एलआरएस, तर तीन कॉप्या होतात पण तिन्ही एकाच जागी. साऊथ इंडिया घ्या, तो चेन्नईला आहे, किंवा जिओ-रिडंडंट घ्या, मग सेंट्रल इंडियाची जोडीची कॉपी आपोआप तिकडे जाते. आणि हिशेबाचे कागद जर इलेक्ट्रॉनिक असतील तर ऑगस्ट २०२२ पासून कंपनी कायद्याच्या नियमात बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर आणि रोजच्या रोज असं आलंय, आधी तिथे ठराविक काळाने एवढंच होतं. चेन्नईला दोन्ही गोष्टी होतात. शिवाय एक कॉपी अशी पाहिजे की जी कुठल्याच तारेने जोडलेली नाही, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आला की जे जे नेटवर्कवर दिसतं ते ते लॉक करतो, नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा पण. आठवड्याला एक डिस्क काढून कपाटात ठेवणारा माणूस एकतरी असू द्या.

आमचं शेअरपॉईंट ऑनलाईन आहे, मायक्रोसॉफ्ट बघून घेईल, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. तिथे रिसायकल बिनचे दोन्ही टप्पे मिळून ९३ दिवस असतात, मोजायचे डिलीट केल्या दिवसापासून. त्यानंतर मायक्रोसॉफ्टकडे आणखी १४ दिवस बॅकअप असतो पण तो त्यांना सांगून, आणि आख्खी साईट मागे न्यायची, एक फाईल काढून मिळत नाही. २०२४ मध्ये त्यांनी मायक्रोसॉफ्ट ३६५ बॅकअप म्हणून वेगळी पैसे देऊन घ्यायची सोय काढली, ती एक वर्षापर्यंत मागे जाते. वर जे आयएटीएफचं लिहिलं ते परत एकदा वाचा आणि वर्षाशी ताडून बघा.

रिस्टोर. हे पण स्क्रिप्टनेच करा, माणसावर सोडलं की राहून जातं. माझ्याकडे एक छोटा टेस्टचा फार्म आहे, आठवड्यातून एकदा स्क्रिप्ट चिठ्ठी काढल्यासारखी कुठलीतरी एक फाईल निवडते, गेट-रँडम वापरायचं, रिस्टोर-एसपीसाईटने टेस्टवर चढवते, लायब्ररीतल्या एकूण आयटमची संख्या मोजते, मूळ साईटशी लावून बघते आणि त्याच मेलमध्ये एक ओळ टाकते. मग मी त्या साईटवाल्या डिपार्टमेंटच्या माणसाला लिंक पाठवतो की बघा हो, तुमचंच आहे ना सगळं, एखादी फाईल उघडा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आयटम किती आहेत ते मला कळतं पण त्या एक्सेलमध्ये जे असायला पाहिजे ते आहे का हे फक्त त्यांनाच कळणार. सुरुवातीला लोक कंटाळा करायचे, आता परचेसवाले स्वतःच विचारतात की आमचा नंबर कधी.

आणि एक गोष्ट आत्ता करायची आहे. शेअरपॉईंट २०१६ आणि २०१९ या दोन्हीच्या सपोर्टची शेवटची तारीख १४ जुलै २०२६. त्यापुढच्या व्हर्जनवर, म्हणजे सबस्क्रिप्शन एडिशनवर, जायचं तर या दोन्हींवरून थेट डेटाबेस नेऊन अपग्रेड करता येतो, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती जुन्या बॅकअपच्या फायलींची. साईटची जी बॅकअप फाईल आहे ती त्याच व्हर्जनच्या फार्मवर चढते, २०१६ ची फाईल सबस्क्रिप्शन एडिशनवर चढत नाही, आणि जुन्या पॅचच्या फार्मवर नव्या पॅचची फाईल पण अडते. म्हणजे वर म्हटलं तसं पंधरा वर्षं जपलेली फाईल उघडायला पंधरा वर्षांपूर्वीचं शेअरपॉईंट लागणार. म्हणून अपग्रेड झालं की जुना फार्म पुसू नका, त्याची व्हर्च्युअल मशीन, इन्स्टॉलेशनची आयएसओ फाईल, त्या वेळचे पॅच आणि प्रॉडक्ट की, हे सगळं बॅकअपच्याच शेजारी ठेवा, आणि वर्षातून एकदा ती मशीन चालू करून बघा. फार्मचा बिल्ड नंबर गेट-एसपीफार्ममधून एका ओळीत मिळतो, तो रोजच्या मेलमध्ये साईट-फायलींच्या आकड्याखाली टाका आणि दर रात्रीच्या फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाईलमध्ये पण लिहून ठेवा, म्हणजे पुढे जो कोणी ती फाईल उघडायला बसेल त्याला कुठला फार्म चालू करायचा ते शोधत बसायला लागणार नाही.